कॅट बदलताना पोरगं ओरडलं, आता काय करू?

प्रश्न : सर, मी शाहूपुरीत राहतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, वाढदिवसाला आणि मंडळांच्या कार्यक्रमात पत्त्यांची जादू करतो. यंदा गणपतीत मंगळवार पेठेत शो होता. प्रेक्षकांकडून कॅट पिसून घेतला आणि मग जॅकेटच्या खिशातल्या, आधीच ठरलेल्या क्रमानं लावून ठेवलेल्या कॅटशी बदलला, तर पुढं बसलेलं आठ-नऊ वर्षांचं पोरगं ओरडलं, "दादा, ह्यो कॅट नवा हाय!" पुढचा शो कसाबसा उरकला. महिनाभर आरशासमोर प्रॅक्टिस केली होती. माझा हात स्लो आहे का?

उत्तर : भावा, ते पोरगं काय ओरडलं ते परत एकदा वाच. "खिशात हात घातला" असं नाही म्हणालं ते, "नवा हाय" म्हणालं. म्हणजे तुझा हात पकडला गेलाच नाही, कॅट पकडला गेला. हातावर महिना घालवलास आणि कॅटकडं बघितलंच नाहीस.

चार शो झालेला कॅट हातात धरून कडेनं बघ, पत्त्यांच्या कडा मळून करड्या झालेल्या असतात, कोपरे मऊ पडलेले असतात, आणि आपल्याकडं गणपतीत पाऊस चालूच असतो, त्या दमट हवेत कागदी पत्ते ओल धरून फुगतात, कॅट जाड दिसायला लागतो. त्याच्या जागी पाकिटातनं नुकताच काढलेला पांढरीशुभ्र कडा असलेला कॅट आला की लहान पोराला लगेच कळतं, कारण मोठी माणसं तुझं बोलणं ऐकत असतात आणि पोरं वस्तूकडं बघत असतात. म्हणून दोन्ही कॅट एकाच दुकानातनं, एकाच वेळी घ्यायचे (पाठीचा लाल रंगसुद्धा लॉटप्रमाणं थोडा फिका-गडद असतो) आणि दोन्ही सारखे वापरायचे, आज हा तर उद्या तो, घरात उतारी खेळा, रमी खेळा, पण दोन्ही सारखेच मळले पाहिजेत.

आता हाताचं. मी ज्यांच्याकडं शिकलो ते नेहरू शर्ट घालायचे आणि त्यांना जाड भिंगाचा चष्मा होता. एक जादू संपली, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि हे शांतपणे कॅट खिशात टाकायचे, दोन्ही हातांनी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं एक भिंग पुसलं, दुसरं पुसलं, उजेडाकडं धरून बघितलं, चष्मा घातला आणि खिशातनं कॅट काढून पुढं चालू. खिशात दोन कॅट होते आणि बाहेर दुसरा आला हे मला, शिष्य असून, चार शो बघितल्यावरसुद्धा कळलं नव्हतं! यात स्पीड काहीच नाही. चष्मा पुसायचा तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत आणि हात मोकळे करायचे तर कॅट कुठंतरी ठेवायलाच पाहिजे, त्यामुळं बघणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नच उठत नाही. तुझा हात मात्र खिशात कशाला गेला? कॅट बदलायलाच गेला. त्याला दुसरं खरं काम दे, सही करायला पेन काढायचाय, रुमाल काढायचाय, काहीही, पण ते काम खरंच झालं पाहिजे.

आणि वेळ चुकली तुझी. लोकांनी पिसून कॅट परत दिला त्या क्षणाला सगळ्यांची नजर कॅटवरच असते, त्याच क्षणी बदललास. पिसलेल्या कॅटवर आधी एक साधी जादू कर, जिला लावलेले पत्ते लागत नाहीत. ती संपल्यावर सगळ्यांच्या देखत पत्ते बॉक्समध्ये भर, बॉक्स पिशवीत ठेव, मध्ये दोरीची किंवा नाण्याची एखादी जादू कर आणि मग पिशवीतनं दुसरा बॉक्स काढ. मंडळाच्या स्टेजसाठी मला हेच बेस्ट वाटतं, कारण स्टेज उंच, पोरं खाली बसलेली, त्यांना जॅकेटच्या आतलं खालनं सरळ दिसतं. टेबलाआड मांडीवर कॅट सोडायची पद्धत तर तिथं अजिबात नको. लोकांच्या लक्षात मात्र "आम्हीच पिसला होता" एवढंच राहतं.

लावलेला कॅट कुठला वापरतोस ते लिहिलं नाहीस, पण साय स्टेबिन्स या जादूगाराच्या नावानं ओळखली जाणारी मांडणी असेल तर तुझं काम अजून सोपं आहे. त्यात प्रत्येक पत्ता आधीच्यापेक्षा तीननं मोठा आणि रंग ठरलेल्या क्रमानं फिरता, म्हणजे किलवर एक्का, बदाम चौका, इस्पिक सत्ता, चौकट दश्शा, मग किलवर राजा, राजानंतर बदाम तिर्री, असं ५२ पत्ते गोल फिरतात. गोल असल्यामुळं कॅट कितीही वेळा काटला तरी क्रम मोडत नाही! म्हणून बदलल्यावर लगेच तीन-चार जणांना काटायला दे, त्यांना पिसल्यासारखंच वाटतं. कोणी पत्ता ओढला की त्याच्या वरचे पत्ते खाली घे आणि सगळ्यात खालचा पत्ता हळूच बघ, इस्पिक सत्ता दिसली तर त्याच्या हातात चौकट दश्शा आहे.

एक गोष्ट विसरू नकोस, पहिल्या कॅटमधल्या पत्त्यावर कोणाची सही घेतली असशील तर तो पत्ता दुसऱ्यात नसणार. सही केलेला पत्ता तिथंच त्या माणसाला आठवण म्हणून देऊन टाक, तो खूश आणि तू मोकळा.

त्या पोराला पुढच्या शोला स्टेजवर बोलाव आणि कॅट काटायला त्याच्याच हातात दे.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा पत्त्यांची जादू शिकतोय. घरातले मोठे म्हणतात, यानं जुगाराची सवय लागेल. काय करावं? (एक वडील, कसबा बावडा)

उत्तर : दादा, घरच्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. वर जे कॅट बदलणं सांगितलं ते जुगाराच्या टेबलावरही होत आलंय, तिकडं इंग्रजीत त्याला 'कोल्ड डेक' म्हणजे थंड कॅट म्हणतात, कारण खेळातला कॅट हातात फिरून ऊबदार झालेला असतो आणि आत घुसवलेला गार लागतो, असं सांगतात. पण तिथं समोरच्याचे पैसे जातात, आणि आपल्या राज्यात तर १८८७ सालापासून जुगाराविरुद्ध कायदा आहे. जादूच्या शोमध्ये समोरचा फसायलाच आलेला असतो आणि फसला की टाळ्या वाजवतो. हा फरक मुलाला शिकवायला बसल्या पहिल्या दिवशीच सांगायचा, मी तरी सांगतो. शिकू दे त्याला, दर रविवारी घरच्यांसमोर एक जादू करून दाखवायला लावा, आजी-आजोबांना पत्ता ओढायला द्या. आणि उद्या मोठा झाल्यावर दिवाळीत कोणी तीन पत्तीला बोलावलं तर "मी पत्त्यांची जादू करतो" एवढं आधीच सांगायची सवय लावा, मग त्याला कोणी डावात बसवूनच घेणार नाही.