पाणीवापराच्या संशोधनासाठी अनुदान मागण्यापूर्वी

तुमच्या अनुदान-प्रस्तावाचा मसुदा वाचला. ‘ठाणे जिल्ह्यातील पाणीटंचाई’ हा विषय एका अनुदानात मावणारा नाही; प्रश्न अरुंद करा. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, तर ठाणे शहर स्वतःच्या योजनेबरोबरच स्टेम (पाणीपुरवठा करणारी कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घेते, त्यामुळे दोन्ही शहरांची तुलना करताना पाणी कोठे मोजले, शुद्धीकरण केंद्रावर की ग्राहकाच्या मीटरवर, हे आधी स्पष्ट करावे लागते. दरडोई दररोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा निकष आहे, प्रत्यक्ष वापर नव्हे. परीक्षक नेमके येथेच अडवतात.

टंचाईचाच अभ्यास करायचा असेल तर शहापूर तालुका घ्या. भातसा आणि तानसा धरणे तेथे असूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि केवळ पर्जन्यमानाच्या तक्त्यावरून दुष्काळ ठरवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

अंदाजपत्रकात प्रवासखर्च सढळपणे धरा. माझ्या पहिल्या प्रकल्पाचा हप्ता जूनमध्ये आला आणि विहिरींच्या पातळीची उन्हाळी मोजणी पूर्ण वर्षभर लांबली. तेव्हापासून क्षेत्रकामासाठी मी नेहमी दोन उन्हाळे मागतो. उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे अनुदान मंजूर कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याची, कागदपत्रे मात्र पहिल्याच महिन्यापासून नीट लावून ठेवा.