वाचकांचे प्रश्न : मुठीवर गरुड, पात्यावर खार

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीहून परत येताना त्यांनी एक जर्मन तलवार आणली, असं घरात सांगतात. मुठीवर पंख पसरलेला गरुड आहे, मुठीखाली पात्यावर तलवार धरलेली खार आहे. पुण्याहून आलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, ‘कागद नाही, म्हणजे नकली.’ खरं काय समजायचं? (एक वाचक, ता. औसा)

उत्तर : गिऱ्हाइकाने दोन प्रश्नांची खिचडी केली आहे. तलवार त्या काळची आहे का, हे तलवारच सांगते. ती तुमच्या आजोबांनीच आणली का, यासाठी मात्र कागद लागतो. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘सिद्ध होत नाही’ असंही येऊ शकतं.

जर्मन सैन्याचे अधिकारी तलवार पदरच्या पैशाने, दुकानातून घेत. म्हणून तिच्यावर बहुधा सरकारी क्रमांक किंवा पलटणीचा शिक्का नसतो. तो नाही म्हणून घाबरू नका. उलट सैन्याच्या तलवारीवर ‘आर झेड एम’ ही अक्षरं दिसली तर सावध व्हा. ती खूण नाझी पक्षाच्या पुरवठा कार्यालयाची होती आणि पक्षसंघटनांच्या सामानावर पडायची.

खार हे जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या कार्ल आइकहॉर्न या कारखान्याचं चिन्ह. होलरचं थर्मामीटर, क्लासचे दोन क्रौंच, आल्कोसोचा तराजू, ही त्याच गावची बाकीची नाणावलेली चिन्हं. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून खारीची शेपटी पाहा. अस्सल चिन्हात रेषा सुट्या आणि धारदार दिसतात, ओतीव नकलेत शेपटी मेणासारखी एकजीव होते. पण नक्कल करणारा सगळ्यात आधी चिन्हच शिकतो, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका.

आता पाते. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊन पात्याच्या पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजा : मुठीलगत, मधोमध आणि टोकापासून चार बोटं अलीकडे. घडवलेलं पातं टोकाकडे पातळ होत जातं. पट्टी कापून केलेल्या स्वस्त नकलेत तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात. ही चाचणी फुकटची आहे आणि सहसा फसवत नाही.

मग मूठ. लोहचुंबक लावा. पितळेला किंवा अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही, म्यानाच्या पोलादाला चिकटतो. मुठीला चिकटला तर सोनेरी मुलाम्याखाली लोखंड आहे. स्वस्तिक असलेला गरुड सैन्याने 1934 मध्ये घेतला. जुन्या कैसरकालीन (जर्मन सम्राटाच्या काळातल्या) तलवारीला असा गरुड मागाहून जडवून भाव वाढवणारे खूप आहेत. म्हणून गरुडाच्या कडेने भिंग फिरवा. डाख, नवी भोकं, कानशीचे ओरखडे दिसले तर तो पाहुणा समजा. म्यानाच्या तोंडाशी स्क्रू असतील तर त्यांच्या डोक्यावर एकच आडवी खाच हवी. अधिकचं (+) चिन्ह असेल तर स्क्रू बदललेला आहे, किंवा सगळी तलवारच नवी आहे.

मुठीचं काळं आवरण बहुधा सेल्युलॉइडचं असतं. खरं-खोटं पाहायला लोक तापलेली सुई टोचतात. हे अजिबात करू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोनही नको, त्यात ते विरघळतं. अंगठ्याने अर्धा मिनिट घासा आणि हुंगा. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्यामुळे देव्हाऱ्यातला वास ओळखीचा येतो. वास आला नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका, जुन्या आवरणातून कापूर उडून जातो. आवरण आकसून तारेच्या वेटोळ्यांलगत बारीक तडे गेले असतील, आतलं लाकूड डोकावत असेल, तर ते वयाचं लक्षण आहे. लातूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मुठीचं असंच होतं. तो तडा फेविक्विकने बुजवू नका.

आता आजोबा. मराठा पलटणी इटलीत लढल्या हे पक्कं आहे. यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोन्ही इटलीतच. त्यामुळे तुमच्या घरची गोष्ट अशक्य नाही. पण ही तलवार मिरवण्याची होती, खंदकात नेण्याची नव्हे. ‘हातघाईत हिसकावली’पेक्षा ती शरण आलेल्या अधिकाऱ्याच्या सामानातून मिळाली असण्याची शक्यता जास्त. लष्करातून सुटल्याचा (डिस्चार्ज) दाखला, पेन्शनचे कागद, पदकं, फोटो एकत्र करा. पदकांच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला असेल तर तो उतरवून घ्या. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लेखी विचारा. आजोबा कोणत्या बटालियनमध्ये होते आणि ती कधी इटलीत होती, एवढं जुळलं तरी पुष्कळ झालं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं म्हणणं तारीख घालून लिहून त्यांची सही घ्या. तो पुरावा कच्चा असतो, पण पाच वर्षांनी तोही मिळणार नाही.

आणि खंडेनवमीला ओलं हळदकुंकू पात्याला लावू नका. ते ओल धरतं आणि निकेलच्या मुलाम्याखाली गंज शिरतो. पूजा म्यानावर फूल ठेवून करा. पितांबरी, चिंच, राख यांनी मूठ घासली तर मुलामा जातो आणि किंमतही जाते. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब मऊ कापडावर घेऊन फक्त पातं पुसा, एवढं पुरे.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या एका विक्रेत्याने जर्मन हवाई दलाची तलवार मोबाइलवर दाखवली. अगदी नव्यासारखी आहे. घ्यावी का? (एक वाचक, जालना)

उत्तर : फोटोवर ठरवू नका. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची 1934 पासूनची तलवार सरळ पात्याची, मूठ आणि म्यान निळ्या चामड्यात मढवलेलं. मुठीवरचं चामडं हाताळून काळपट होतं, तारेखालचं मात्र निळं राहतं. सगळीकडे एकसारखा गडद निळा दिसला तर शंका घ्या. परजेच्या (मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीच्या) तळाशी छोटी चामड्याची वायसर असते. ती कडक, दबलेली, पात्याच्या आकारात बसलेली हवी. नवी मऊ वायसर म्हणजे मूठ उघडली गेली आहे. पात्यावर ‘मेड इन जर्मनी’ असं इंग्रजीत असेल तर तो निर्यातीचा माल. आपल्याकडे येणाऱ्या नकला बऱ्याचदा डेहराडूनकडच्या असतात. त्या सजावटीच्या म्हणून विकल्या तर तक्रार नाही, जुन्या म्हणून विकल्या तर आहे. शस्त्र नियम 2016 च्या यादीत तलवार नावानिशी आहे. कुरिअरने मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा.

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या तलवारीवर लांडग्यासारखी खूण आहे, मूठ मात्र देशी. ही महायुद्धातली का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : नाही, बहुधा कितीतरी जुनी. धावता लांडगा ही जर्मनीतल्या पासाउ आणि झोलिंगेनच्या पातेकारांची जुनी खूण. युरोपी पाती समुद्रमार्गे दख्खनेत येत आणि इथे त्यांना देशी मूठ बसे. तिलाच फिरंग म्हणतात. मात्र नाव खपायचं म्हणून इथल्या लोहारांनीही लांडगा कोरला आहे, तेव्हा खूण पाहून लगेच हुरळू नका. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, ती परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. मूठ आणि पाते वेगळे करू नका. जोडातली जुनी लाख हाच त्या दोघांच्या एकत्र असण्याचा पुरावा आहे.