चार पिढ्या अमेरिकेत, इटालियन बोलता येत नाही, तरी हे लोक स्वतःला इटालियन का म्हणवतात?

प्रश्नातला 'तरी' खटकला म्हणून लिहितोय. आमच्या दादाने कोथरूडच्या घरी भर पंगतीत माझ्या लेकीवर हाच 'तरी' टाकला होता. "मराठी धड बोलता येत नाही, तरी म्हणे मी मराठी!" पोर गप्प बसली. मीही बसलो, ते अजून सलतं.

न्यू जर्सीत आम्ही नऊ वर्षं एका इटालियन आजींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. त्यांचे आजी-आजोबा नेपल्सजवळच्या नोला गावचे. आजींना इटालियनचं एक वाक्य येत नव्हतं. पण रविवारी सकाळी टोमॅटो-लसणाचा वास जिन्यातून वर यायचा. त्या सॉसला त्या 'ग्रेव्ही' म्हणायच्या आणि कापोकोल्लो नावाच्या मांसाला 'गाबागूल'. एकदा मी शहाणपणा केला, म्हटलं, उच्चार असा नाही हो. "माझी आजी असंच म्हणायची," त्या म्हणाल्या. विषय संपला.

नंतर कळलं, चूक माझीच. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे. घरात नेपल्सची नाहीतर सिसिलीची बोली. प्रमाण इटालियन त्यांतल्या बहुतेकांना तिकडेही येत नव्हती. 'पानी' म्हणणाऱ्याला 'पाणी' म्हणायला लावणाऱ्या पुणेकराचं काम मी करत होतो.

आणि भाषा आपोआप गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात इटली अमेरिकेच्या विरुद्ध बाजूला होती, त्यामुळे १९४२ साली नागरिकत्व न घेतलेले सहा लाख इटालियन 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले होते. बोटांचे ठसे द्यायचे, ओळखपत्र बाळगायचं, शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरा जमा करायचा. आजींच्या आजीने रेडिओ स्वतः उचलून चौकीत नेऊन दिला. तेव्हा तिचाच धाकटा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात होता! घरी येऊन तिने नातवंडांना सांगितलं, आजपासून इंग्रजी. तिला स्वतःला ती जेमतेम यायची.

एका जुलैत आजी आम्हाला ब्रुकलिनला, विल्यम्सबर्गच्या जिल्योला घेऊन गेल्या. नोलाच्या लोकांनी १९०३ पासून चालवलेला उत्सव. सहा-सात मजली उंच मनोरा, टोकाला संत पाऊलिनो, खाली चौथऱ्यावर अख्खा बँड, आणि हे सगळं शंभरावर माणसांच्या खांद्यावर. म्होरक्या हाळी देतो, बँड वाजतो, सगळे एका दमात उठतात. आजींचा नातू त्या वर्षी पहिल्यांदा खांदा द्यायला होता. उतरल्यावर त्याने शर्ट बाजूला केला. खांद्याची साल निघाली होती. आजींनी त्यावरून हात फिरवला, बोलल्या काही नाहीत. आणि मनोरा पुन्हा उठला तेव्हा माझ्या खांद्यावरची सात वर्षांची लेक ओरडली, "मोरया!" तिला कुणी शिकवलं नव्हतं की इथे हे ओरडायचं असतं.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. अंगात काय उरतं हे भाषेवरून मोजू नका, एवढंच. कोलंबस मूळचा इटलीचा, म्हणून हे लोक त्याला आपला मानतात. मूळ रहिवाशांवर त्याने केलेल्या अत्याचारांमुळे त्याच्या पुतळ्यांवरून वाद आहे आणि तो रास्त आहे. पण १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी कोलंबसचा दिवस साजरा करायला सांगितलं. हे ठाऊक असलं की तो पुतळा त्यांना एवढा का लागतो ते कळतं.

हो, सगळेच आजींसारखे नसतात. आज नव्याने येणाऱ्यांना हाकला म्हणणारेही त्यांच्यात भेटले. आणि आपली-त्यांची बरोबरी नाही. ते कुदळ-फावडं घेऊन आले, मी डिग्री आणि व्हिसा घेऊन. मुलांना मराठी शिकवू नका असंही म्हणत नाही. मला जमलं नाही, ती चूक माझी, लेकीची नव्हे.

बाकी दादाचा नातू जन्मापासून कोथरूडमध्ये आहे. परवा व्हिडिओ कॉलवर मी त्याला म्हटलं, रिक्षाचे एकोणसाठ झाले. तर विचारतो, "म्हणजे सिक्स्टी-नाईन ना?"