वाचकांचे प्रश्न: शिशाच्या कणात दडलेलं पृथ्वीचं वय

ग्रह कसे घडले, याचा माग खडकांच्या रसायनातून काढणाऱ्या भूरसायनशास्त्राबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

पृथ्वीवर 455 कोटी वर्षं जुना एकही खडक नाही, असं आम्हीच वर्गात शिकवतो. मग हा आकडा आला कुठून? मुलांना तो करून दाखवता येईल का?
(माध्यमिक शिक्षक, सांगली)

करून दाखवता येतो, आणि तोही साध्या आलेख कागदावर.

पृथ्वीचे सुरुवातीचे खडक वितळले, घुसळले गेले, नाहीसे झाले. हाती उरलेला सर्वांत जुना कण म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा सुमारे 440 कोटी वर्षांचा झिरकॉन या खनिजाचा स्फटिक. म्हणून क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरचे खडक सोडून अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्का, हाती घेतल्या. पॅटरसन यांचा जन्म 1922 साली आयोवात झाला. शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढचं सगळं आयुष्य कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत काम केलं. 1953 मध्ये त्यांनी शुद्ध केलेला नमुना आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजला. सविस्तर निबंध 1956 साली आला.

आता तत्त्व. शिशाचा 204 हा समस्थानिक सुरुवातीला होता तेवढाच राहतो. 206 मात्र युरेनियम-238 च्या क्षयातून वाढतो, त्याचं अर्धायुष्य 446.8 कोटी वर्षं. 207 वाढतो युरेनियम-235 मधून, त्याचं अर्धायुष्य फक्त 70.4 कोटी. एका वेळी जन्मलेल्या, पण कमीजास्त युरेनियम असलेल्या अशनींचे 206/204 आणि 207/204 आलेखावर मांडले की बिंदू एका रेषेत येतात, आणि रेषेचा उतार वय सांगतो.

पॅटरसन यांचे आकडे फळ्यावर लिहा. आडव्या अक्षावर 206/204, उभ्या अक्षावर 207/204. न्यूएव्हो लारेडो: 50.28 आणि 34.86. फॉरेस्ट सिटी: 19.27 आणि 15.95. मोडॉक: 19.48 आणि 15.76. या तिन्ही दगडी अशनी. लोखंडी अशनींपैकी हेनबरी: 9.55 आणि 10.38. कॅन्यन डायब्लो: 9.46 आणि 10.34. शेवटचा बिंदू सगळ्यांत मोलाचा. ॲरिझोनातल्या या अशनीत ट्रॉयलाइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज आहे आणि त्यात युरेनियम जवळजवळ नाही. म्हणजे त्यातलं शिसं सूर्यमालेच्या जन्मावेळी होतं तसंच आजही आहे. पट्टी ठेवून रेषा ओढली की उतार 0.6 च्या आसपास येतो. पॅटरसन यांनी त्यावरून वय काढलं 455 कोटी वर्षं, 7 कोटी इकडे किंवा तिकडे. समुद्रतळाच्या गाळातलं शिसंही त्याच रेषेवर बसलं, म्हणून हे वय पृथ्वीलाही लागू झालं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आजच्या पुस्तकातली अर्धायुष्यं घालून गणित केलं तर उत्तर 450 कोटींच्या जवळ येईल. मुलं चुकलेली नसतील. 1956 नंतर अर्धायुष्यं नव्याने, जास्त काटेकोरपणे मोजली गेली आणि अशनींची मोजणीही सुधारली. सूर्यमालेतल्या सर्वांत जुन्या घन कणांचं, म्हणजे काही अशनींत सापडणाऱ्या कॅल्शियम-ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या ठिपक्यांचं, आज मान्य असलेलं वय 456.73 कोटी वर्षं आहे.

आमच्या प्रयोगशाळेत शिशाचा ब्लँक कधी 40 पिकोग्रॅम येतो, कधी 300. आम्ल बदललं, तरी तेच. कुठे चुकतंय?
(एम.एस्सी. भूविज्ञान, पुणे)

ब्लँक म्हणजे नमुना न घालता सगळे टप्पे केल्यावरही सापडणारं बाहेरचं शिसं; पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आकडा वरखाली होतोय यातच अर्धं उत्तर आहे. आम्ल किंवा रेझिन (शिसं वेगळं करणारे बारीक मणी) मळलेलं असतं तर ब्लँक दर वेळी साधारण सारखाच चढा आला असता. एकदा 40 आणि एकदा 300 म्हणजे अधूनमधून धुळीचा कण पडतोय. तेव्हा आम्लाच्या बाटल्या बदलणं थांबवा आणि नमुना उघडा कुठे कुठे राहतो ते बघा.

बहुतेक वेळा दोष सुकवणीत सापडतो. टेफ्लॉनच्या भांड्यातला थेंब हॉटप्लेटवर दोन-तीन तास उघडा असतो. हॉटप्लेट धातूची असेल तर आम्लाच्या वाफांनी गंजते, तिचे पापुद्रे सुटतात आणि वाऱ्याबरोबर भांड्यात येतात. टेफ्लॉनचा मुलामा दिलेली प्लेट वापरा आणि सुकवणी हेपा फिल्टरच्या स्वच्छ हवेच्या झोताखालीच करा.

मग प्रत्येक टप्पा सुटा मोजा. 10 मिलिलिटर आम्ल सुकवून त्यात शिसं-205 चा स्पाइक, म्हणजे नेमकं प्रमाण माहीत असलेलं शिसं, घाला आणि मोजा. रिकाम्या भांड्यात 6 नॉर्मल (हे आम्लाच्या तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक घालून, झाकण लावून रात्रभर गरम ठेवा आणि ते मोजा. रिकामा कॉलम, म्हणजे रेझिन भरलेली नळी, नमुन्याशिवाय चालवा. शेवटी नुसतं सिलिका जेल आणि फॉस्फोरिक आम्ल रेनियमच्या फिलामेंटवर, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायच्या धातूच्या पट्टीवर, चढवून बघा. आम्लांत हायड्रोब्रोमिककडे विशेष लक्ष द्या, ते शुद्ध करणं जिकिरीचं असतं. उकळू न देता टेफ्लॉनमध्येच दोनदा ऊर्ध्वपातन करा. कॉलममध्ये रेझिन कमीत कमी ठेवा, 100 मायक्रोलिटर पुरतं. 1 नॉर्मल हायड्रोब्रोमिकमध्ये शिसं रेझिनला चिकटतं आणि बाकीचं वाहून जातं, मग 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिकने शिसं उतरवायचं. रेझिन एकदा वापरून टाकून द्या, काटकसर इथे महागात पडते.

माणसंही तपासा. केसांचा रंग, जुना ऑइल पेंट, पितळी नळ, आणि आपल्याकडे हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे शेंदूर. पारंपरिक शेंदूर हा चक्क शिशाचा ऑक्साइड. मारुतीला जाऊन कपाळाला बोट लावून कुणी थेट आत आलं तर त्या एका बोटावरचं शिसं तुमच्या नमुन्याच्या लाखो पट असू शकतं. तोंड, हात, कोपरापर्यंत धुवूनच आत या.

एवढी काळजी का, ते गणितात बघा. ट्रॉयलाइटचं 206/204 नव्या मोजणीनुसार आहे 9.3, आजच्या हवेतल्या, धुळीतल्या शिशाचं साधारण 18.7 धरा. 204 च्या दहा अणूंतला एक जरी बाहेरचा आला, तर गुणोत्तर 10.24 होतं. यंत्र हा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत सुरेख देईल, आणि तो चूक असेल. यंत्राला घरचं शिसं आणि बाहेरचं शिसं यांतला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये निदान एक ब्लँक नमुन्यांच्या बरोबरीने सगळ्या टप्प्यांतून न्या आणि वाईट आला तरी वहीत लिहा. पॅटरसन यांची पहिली काही वर्षं याच झगड्यात गेली. त्यातूनच त्यांना कळलं की शिसं सगळीकडे पसरलंय आणि त्याचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाचा आहे. 1965 पासून ते या उद्योगाविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं.

खडक विरघळवायला लागणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल: त्याची भाजणी लगेच दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हुडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, शेजारी, मुदत तपासून ठेवा. थेंब पडला तर आधी भरपूर पाणी, मग जेल, आणि लगेच रुग्णालय. आत एकटं कधीही काम करू नका.

शेतात काळा, जड दगड सापडला. लोहचुंबक चिकटतं. अशनी असेल का?
(शेतकरी, बुलढाणा जिल्हा)

आपल्या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइटचे कण असतात. त्यामुळे चुंबक थोडंफार ओढलं जाणारच, तेवढ्यावर अशनी ठरत नाही. दगडाला बारीक भोकं असतील तर तो बेसॉल्ट किंवा भट्टीतला स्लॅग, म्हणजे धातू गाळून उरलेला मळ, समजा. ताज्या अशनीवर मिलिमीटरभर जाडीचा काळा, जळका पापुद्रा असतो, आणि तुटलेल्या जागी आत राखाडी रंगात चमकते धातूचे ठिपके दिसतात. न चकाकणाऱ्या फरशीच्या मागच्या बाजूवर कोपरा घासा. लाल रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट.

दगड बरेच पावसाळे शेतात पडून असेल तर घनताही काढा. आधी कोरडा तोला, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून काट्यावर तोला. पहिल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. 350 ग्रॅमचा दगड पाण्यात 233 भरला तर घनता 3, म्हणजे बेसॉल्ट. 250 भरला तर 3.5, मग पुढे तपासण्यासारखा आहे. नुकताच पडताना पाहिलेला दगड मात्र पाण्यात घालू नका, धुऊ नका, आणि मोठं चुंबक लावू नका. त्याने दगडात साठलेली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. स्वच्छ पिशवीत ठेवा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

महाराष्ट्रात हे घडतं. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ अशनी पडली. तिच्यातल्या वितळलेल्या बारीक शिरांत ब्रिजमनाइट सापडल्याचं 2021 साली प्रसिद्ध झालं. हे पृथ्वीच्या पोटात, खालच्या प्रावरणात सर्वांत जास्त असणारं खनिज, पण तिथून कुणी ते आणू शकत नाही.

लोणार विवराचं वय कुठे 50 हजार तर कुठे साडेपाच लाख वर्षं लिहितात. खरं काय?
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. काचेसारख्या तुकड्यांवर ऊष्मादीप्तीने, म्हणजे तापवल्यावर बाहेर पडणारा साठलेला प्रकाश मोजून, सुमारे 52 हजार वर्षं आलं. पुढे 2011 मध्ये आघाताने वितळलेल्या खडकावर आरगॉन-आरगॉन पद्धतीने, म्हणजे पोटॅशियमच्या क्षयातून साठलेला आरगॉन वायू मोजून, 5 लाख 70 हजार, 47 हजारांच्या फरकाने, असं वय आलं. आमच्या मते दुसरा आकडा जास्त भरवशाचा. ऊष्मादीप्तीचं घड्याळ नंतरच्या उष्णतेने किंवा उन्हाने पुन्हा शून्यावर येऊ शकतं.

मुलगी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. तिला ग्रहांचं भूरसायनशास्त्र करायचंय. वाट कशी, आणि पोटापाण्याचं काय?
(पालक, नाशिक)

रसायनशास्त्राचा पाया ही चांगली सुरुवात आहे. खनिजं ओळखायला ती नंतर शिकेल, पण प्रयोगशाळेतला हात लवकर बसावा लागतो. तृतीय वर्षातच एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेची तयारी सुरू करू द्या. एम.एस्सी.ला भूविज्ञान किंवा भूरसायनाकडे वळली तर उत्तम, कोणत्या संस्थेत रसायनशास्त्राचे विद्यार्थी चालतात ते माहितीपुस्तिकेत बघा. पुढे सीएसआयआरची नेट परीक्षा. त्यात पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं. पीएच.डी.ला पाच वर्षं धरा, त्यानंतर दोन-चार वर्षं बहुधा परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. म्हणजे कायमची नोकरी तिशीच्या पुढे, हे घरात आधीच बोलून घ्या.

देशात या कामाचं मोठं केंद्र म्हणजे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा. चांद्रयान-3 च्या रोव्हरवरचं क्ष-किरण उपकरण तिथलंच. त्याने 103 मीटरच्या फेरीत 23 ठिकाणी चंद्राच्या मातीची मोजणी केली, आणि चंद्र एके काळी वितळलेल्या शिलारसाचा समुद्र होता या कल्पनेला 2024 च्या निबंधात बळकटी मिळाली. संशोधनात मन रमलं नाही तरी हात रिकामे राहत नाहीत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भूवैज्ञानिक आणि रसायनतज्ज्ञ दोन्ही घेतात, आणि अणुखनिज संचालनालयालाही अशी माणसं लागतात.

प्रवेशाआधी तिला एखाद्या समस्थानिक प्रयोगशाळेत उन्हाळ्यात सहा-आठ आठवडे काम करू द्या. पहिला महिनाभर तिला भांडी धुवायला देतील: गरम नायट्रिकमध्ये काही दिवस, मग हायड्रोक्लोरिक, मग अतिशुद्ध पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या महिन्यात तिने स्वतःचा ब्लँक काढावा. तो कमी यावा म्हणून ती आपणहून पुन्हा भांडी धुवायला बसली, तर खुशाल पुढे जाऊ द्या.