एपिस्कोपल चर्चमध्ये रविवारी आणि रोज काय प्रार्थना असते? ख्रिस्ती नसलेल्या माणसाला जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय, न्यू जर्सीतल्या तुमच्या घराजवळ एपिस्कोपल चर्च आहे, पाटीवर रविवारच्या दोन वेळा आणि मंगळवारी ‘इव्हनिंग प्रेयर’ असं लिहिलंय. तुम्ही ख्रिस्ती नाही, तरी आत जाऊन बसावंसं वाटतं. जरूर जा. कुणी नाव-गाव-धर्म विचारून दारात अडवत नाही.

मी नाशिकची, शरणपुरातली. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात येते. ते चर्च अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या घराण्याशी जोडलेलं आहे आणि एपिस्कोपल चर्च हे त्याच घराण्याचं अमेरिकेतलं चर्च, त्यामुळे इथे आल्यावर मी याच उपासनेत रुळले.

रविवारी सकाळी आठची उपासना बहुतेक ठिकाणी शांत, गाण्यांशिवाय असते. दहा-साडेदहाच्या उपासनेला ऑर्गन आणि गाणारी मंडळी असतात. क्रम मात्र तोच. आधी बायबलमधलं वाचन: जुना करार, एक स्तोत्र, पहिल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं एक पत्र, मग शुभवर्तमान म्हणजे येशूची कथा, त्या वेळी सगळे उभे राहतात. कुठल्या रविवारी काय वाचायचं हे तीन वर्षांच्या चक्रात ठरलेलं असतं, पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या मर्जीवर नसतं. मग प्रवचन, विश्वासाची कबुली, आजारी आणि अडचणीतल्या लोकांसाठी विनंत्या. त्यानंतर सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन ‘शांती असो’ म्हणतात आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या विधीला सुरुवात होते. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तुम्हीही रांगेत पुढे जाऊ शकता. दोन्ही हात छातीवर आडवे धरलेत की पाळक फक्त आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलात तरी कुणाला खटकत नाही. दानाची थाळी फिरेल, ती तशीच पुढे द्या.

पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा मंगळवारी संध्याकाळी जा.

रोजची प्रार्थना हा या चर्चचा कणा आहे आणि रविवारी येणाऱ्या पाहुण्याला तो दिसतच नाही. पूर्वी ख्रिस्ती मठांमध्ये दिवसरात्र मिळून सात-आठ वेळा प्रार्थना व्हायची. इंग्लंडमधले कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी 1549 च्या इंग्रजी प्रार्थना-पुस्तकात त्यांच्या दोनच केल्या, सकाळची आणि संध्याकाळची, म्हणजे कामधंद्याच्या माणसालाही त्या जमाव्यात. अमेरिकेतल्या 1979 च्या पुस्तकात दुपारची आणि झोपण्यापूर्वीची प्रार्थनाही आहे. यातल्या कशालाच पाळक लागत नाही. आमच्याकडे मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका चालवतात. बाजूच्या लहानशा खोलीत आम्ही पाच-सहा जण असतो. स्तोत्राच्या प्रत्येक ओळीच्या मध्ये पुस्तकात एक चांदणी छापलेली असते. तिथे सगळे एक श्वासभर थांबतात. थंडीत त्या थांबण्यात फक्त हीटरची टकटक ऐकू येते. मग उरलेली अर्धी ओळ. रोज सकाळ-संध्याकाळ असं म्हटलं तर साधारण सात आठवड्यांत स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांचं पुस्तक, फिरून येते, त्यात आनंदाची स्तोत्रं असतात तशी देवावर चिडलेलीही.

आमच्या घरी आजी मनाला येईल तशी, मोठ्याने प्रार्थना करायची. त्यामुळे पुस्तकातून वाचलेली प्रार्थना मला सुरुवातीला कोरडी वाटायची. माझं ते मत बदललं रात्रपाळीमुळे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रात्री दोन-अडीचला रक्ताचे नमुने मशीनला लावले की जरा उसंत मिळते. तेव्हा अंगात इतका थकवा असतो की स्वतःचे शब्दच सुचत नाहीत. झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत एक मागणं आहे, त्याचा अर्थ असा: आज रात्री जे काम करतात, जागतात किंवा रडतात, त्यांच्यासोबत हे प्रभू तू जागा राहा, आणि जे झोपलेत त्यांना तुझ्या दूतांच्या हवाली कर. समोरच्या प्रत्येक नळीवर कुणाचं तरी नाव असतं. मी ते मागणं म्हणते आणि पुढच्या नमुन्यांकडे वळते.

आणखी एक सांगायलाच हवं. आमच्या चर्चमध्ये 5 एप्रिलला पंडिता रमाबाईंचं स्मरण करतात. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्येच झाला आणि 5 एप्रिल 1922 ला त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वारल्या. एका वर्षी आदल्या दिवशी आमच्या पाळकबाईंनी मला थांबवून विचारलं, हे नाव नीट कसं म्हणायचं? मी तीनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘पंडिता’तला ‘ण्ड’ न घाबरता उच्चारला, आणि माझे डोळे भरून आले.

मंगळवारी पाच मिनिटं आधी पोहोचा. चपला-बूट काढायचे नसतात. प्रार्थना वीस-पंचवीस मिनिटांत होते. पुस्तकात पुढे-मागे बरंच जावं लागतं, गोंधळायला होईल, तर शेजारच्यांना खुशाल विचारा. ते पान काढून पुस्तक तुमच्या हातात देतील.