हाडातून जुन्या माणसाचं जेवण शोधायचं तर केमिस्ट्री सोडू नका

गंगाखेडहून एका आईने लिहिलंय: "मुलगी परभणीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. पेरू देशातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांच्या हाडांची तपासणी झाली आणि ते मांसापेक्षा वनस्पतीच जास्त खायचे असं निघालं, हे तिनं वाचलं. तेव्हापासून हेच करायचं म्हणते. घरचे बीएडचा आग्रह धरतात. यात पोट भरतं का? त्यासाठी केमिस्ट्री सोडून इतिहास घ्यावा लागेल का?"

ताई, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: केमिस्ट्री अजिबात सोडू नका. उत्खनन शिकलेली माणसं आपल्याकडे आहेत. त्या हाडातून भरवशाचा आकडा काढणारे हात मात्र कमी आहेत, आणि ते प्रयोगशाळेतच तयार होतात.

तिनं वाचलेलं संशोधन २०२४ चं. पेरूतल्या अँडीज पर्वताच्या पठारावर साधारण ९,००० ते ६,५०० वर्षांपूर्वी राहणाऱ्या २४ जणांची हाडं तपासली. त्यांच्या आहारात सुमारे ८० टक्के वनस्पती आणि २० टक्के मांस निघालं. हे कळतं कसं, ते तुमच्या ताटावरूनच सांगता येईल. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही सी-४ पिकं. तूर, हरभरा, गहू, तांदूळ, बटाटा ही सी-३. दोघांची हवेतला कार्बन घेण्याची रीत वेगळी, म्हणून कार्बन-१३ चं, म्हणजे कार्बनच्या जड प्रकाराचं, प्रमाणही वेगळं. ते एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत मोजतात: सी-३ मध्ये सरासरी उणे २६ दर हजारी, सी-४ मध्ये उणे १२ च्या आसपास. खाणाऱ्याच्या हाडातल्या कोलॅजनमध्ये, म्हणजे हाडातल्या मुख्य प्रथिनात, हा आकडा साधारण ५ ने वर सरकतो. म्हणजे नुसत्या सी-३ वर जगलेल्या माणसाचं कोलॅजन उणे २१ च्या जवळ, भाकरीवर जगलेल्याचं उणे ७ कडे झुकलेलं. नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला ३ ते ५ ने वाढतो, त्यावरून मांस-मासळी किती हे कळतं.

पण एक गाठ इथेच बसते. सी-४ गवतावर चरलेल्या जनावराचं मांस खाल्लं तरी माणसाचा कार्बन वर जातो. म्हणून त्याच जागेवरच्या प्राण्यांची हाडंही मोजावी लागतात. त्यांच्याशिवाय माणसाचा आकडा अधांतरी राहतो. शिवाय कोलॅजन मुख्यतः खाल्लेल्या प्रथिनांची नोंद ठेवतं. प्रथिनं कमी असलेले कंद त्यात दबून जातात, हे विचारात न घेता टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्रयोगशाळेतलं काम असं चालतं. अर्धा ते एक ग्रॅम हाड वरून खरवडून स्वच्छ करायचं आणि ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवायचं. आम्ल दर एक-दोन दिवसांनी बदलायचं. बुडबुडे थांबतात, टणक तुकडा हळूहळू अर्धपारदर्शक आणि रबरासारखा मऊ होतो, पण आकार तोच राहतो. हे पहिल्यांदा पाहताना कुणीही थबकतं. मग तो धुवून पीएच ३ च्या पाण्यात ७० ते ७५ अंशांवर ४८ तास, गाळण, फ्रीज-ड्राय (गोठवून वाळवणं). त्यातलं अर्धा ते एक मिलिग्रॅम कथलाच्या इवल्याशा कपात घट्ट मिटून मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे हे जड-हलके प्रकार वेगळे मोजणाऱ्या यंत्राला, द्यायचं.

घाई करून आम्ल तीव्र घेतलं किंवा उबेत ठेवलं तर कोलॅजनच विरघळून जातं. मातीतलं ह्युमिक आम्ल राहिलं तर द्रव तपकिरी दिसतो आणि कार्बन बिघडतो, त्यासाठी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची धुलाई. जुन्या संग्रहातल्या हाडाला कुणी डिंक किंवा सरस लावलेला असतो. प्राण्यांचा सरस म्हणजे स्वतः कोलॅजनच, तो फार फसवा. कार्बन-नायट्रोजनचं अणुप्रमाण २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं की निकाल बाजूला ठेवायचा, कितीही मोहात पाडणारा असला तरी. आणि विरघळलेलं मानवी हाड परत येत नाही, म्हणून परवानगी आणि नोंद आधी.

आपल्या उष्ण हवेत कोलॅजन टिकणं अवघड. तेव्हा दाताच्या एनॅमलकडे, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाकडे, वळतात. त्यात कार्बन मिळतो, पण नायट्रोजनचा पुरावा हातचा जातो. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेतल्या सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या बाबतीत कोलॅजनच्या जोडीला एनॅमलमधल्या जस्ताचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे जड-हलके प्रकार) मोजले. मांस किती खाल्लं हे त्यांवरूनही कळतं, म्हणून ती उणीव भरून काढता येते. भारतात पुढचं बरंच काम याच दिशेनं व्हावं असं मला वाटतं.

आता वाट. तिसऱ्या वर्षात आयआयटीची जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्या. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. एमएस्सी ॲनालिटिकल केमिस्ट्री करून सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पीएचडीसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, लखनौची बिरबल साहनी संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथे कोण काय करतं ते आत्तापासून पाहावं. कायमच्या जागा थोड्या आहेत आणि तिशी उलटेपर्यंत थांबावं लागू शकतं, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. पण मास स्पेक्ट्रोमीटर एकट्या पुरातत्त्वाचा नाही. मधात उसाची साखर मिसळली की त्याच कार्बन-१३ वरून पकडली जाते, कारण ऊस सी-४. अन्न तपासणी, भूजल, न्यायवैद्यक, सगळीकडे हा हात चालतो. बीएड एमएस्सीनंतरही करता येईल. आत्ता मध्ये घातलं तर प्रयोगशाळेची सवय मोडेल.

तोवर कॉलेजात सरांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करायला सांगा. बकऱ्याच्या नळीचा १ ग्रॅम तुकडा, चरबी आणि मज्जा पूर्ण काढून. ४२ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओतून (पाणी आम्लात नव्हे) एक लिटर करायचं, की ०.५ मोलर झालं. पुढचं सगळं वर लिहिल्यासारखं. फ्रीज-ड्रायर नसेल तर डेसिकेटरमध्ये वाळवावं. ताज्या हाडात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा कोलॅजन असतं. १५० ते २०० मिलिग्रॅम हाती आलं तर हात बसला. ५० च आलं, तर कुठल्या धुलाईत वाहून गेलं ते तिनं वहीतल्या नोंदींवरून शोधावं आणि दुसरा तुकडा घ्यावा.