बाटल्या आपल्या, बारटेंडर बाहेरचा

प्रश्न: धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनची जबाबदारी माझ्यावर आहे. दारू आपली आपण आणायला हॉलवाल्यांची हरकत नाही आणि एक बारटेंडर आम्ही ठरवला आहे. पाहुणे १५०, त्यांतले घेणारे साधारण ९०. बार ४ तास चालेल. भावाने १४ प्रकारच्या दारूची यादी केली आहे. बाटल्या एकूण ४०, शिवाय बिअर आणि वाइन वेगळी. मला ती यादी अवाढव्य वाटते आणि त्याला ती कमी पडेल अशी धास्ती आहे. नेमकं किती आणू? एक बारटेंडर पुरेल का?
– वधूची मोठी बहीण

उत्तर: ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. पण यादीवर काट मारण्याआधी ती बारटेंडरला दाखवा. समारंभांचे बार लावून देणं हा माझा व्यवसाय आहे आणि प्रत्येक घरी मी हेच सांगते, की बारटेंडरला खरेदी झाल्यावर नाही, खरेदीच्या आधी बोलवा. तो कोणती ड्रिंक्स झपाट्याने बनवू शकतो, शेकर, जिगर (दारू मोजायचा छोटा मापाचा पेला), गाळणी, कॉर्कस्क्रू, ओपनर, सुरी, कटिंग बोर्ड यांतलं स्वतःचं काय आणतो आणि तुम्ही काय द्यायचं, हे त्याच बैठकीत ठरतं. तो किती वाजता येणार, मांडामांड आणि आवराआवर त्याच्या पैशांत धरली आहे का, टीप कोण देणार, हेही तेव्हाच बोलून घ्या.

आता हिशेब. घेणारा माणूस पहिल्या तासात २ ड्रिंक्स घेतो आणि पुढे तासाला एक, असं धरायची पद्धत आहे. चार तासांचे झाले ५. नव्वद जणांचे ४५०. तुमच्याकडे निम्मे बिअरवाले आणि उरलेल्यांत वाइन व कडक दारू अर्धी-अर्धी असं समजू. तुमची माणसं तुम्हाला ठाऊक आहेत, प्रमाण त्याप्रमाणे बदला.

बिअर २२५, म्हणजे ३३० मिलीच्या तेवढ्याच बाटल्या. चोवीसचे १० खोके घेतले की झालं. वाइनचे ११२ ग्लास. एका ७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे ५ ग्लास निघतात, म्हणून २३ बाटल्या, एक जास्त धरून २४. राहिली कडक दारूची ११३ ड्रिंक्स. ४५ मिलीच्या मापाने एका बाटलीत १६ बसतात, म्हणजे ७ बाटल्या लागल्या, हाताशी एक जास्त धरून ८. साठचा पेग द्यायचा म्हटलं तरी १०. भावाच्या ४० बाटल्या कुठे आणि या ८ कुठे! कपाटभर वेगवेगळ्या बाटल्या मांडल्या की बार श्रीमंत दिसतो खरा, पण प्रत्येक प्रकाराची एखादीच बाटली असेल तर जी लोकांना आवडते ती तासाभरात संपते आणि बाकीच्या जशाच्या तशा घरी येतात. त्यापेक्षा व्हिस्की, जिन आणि व्होडका किंवा रम असे तीनच प्रकार ठेवा आणि ते पोटभर ठेवा.

मी ४५ मिलीचं माप धरलं त्याला कारण आहे. पाच टक्क्यांच्या बिअरची ३३० मिलीची बाटली, बारा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास आणि चाळीस टक्क्यांच्या दारूचा ४५ मिलीचा पेग यांत शुद्ध अल्कोहोल जवळपास सारखंच, १६ ते १८ मिली असतं. साठच्या पेगात ते २४ होतं. पिणाऱ्याच्या हिशेबात मात्र ते ‘एकच’ ड्रिंक राहतं. म्हणून बारटेंडर कितीही सराईत असला तरी जिगरने मोजूनच ओतायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. नुसत्या हाताने ओतताना ४५ चे ६० कधी होतात कळत नाही आणि तुमच्या ८ बाटल्या ६ बाटल्यांचंच काम करतात.

बार अडतो तो बहुतेक वेळा दारूमुळे नाही, बर्फामुळे. माणशी अर्धा किलो ग्लासात घालायला आणि जवळपास तेवढाच बाटल्या गार करायला. दीडशे माणसांना दीडशे किलो. आकडा ऐकून घरचे दचकतात, पण एवढा लागतो. ग्लासातला बर्फ आणि टबातला बर्फ वेगळे ठेवा. ज्या बर्फात बाटल्या बुडाल्या तो कुणाच्या ग्लासात जाता कामा नये. टबात बर्फाबरोबर पाणीही घाला. नुसता बर्फ बाटलीला जागोजागी टेकतो, बर्फाचं पाणी तिला चहूबाजूंनी वेढतं आणि अर्ध्या तासात बाटली गार होते. घाई असेल तर मूठ-दोन मूठ मीठ टाका.

आणि बर्फ काढायला स्कूप हवाच. गर्दीत कुणीतरी ग्लासच बर्फात खुपसतं. असाच एका समारंभात ग्लासाचा काठ तुटून बर्फाच्या पेटीत पडलेला मी पाहिला आहे. बर्फात काच दिसत नाही, शोधून सापडत नाही. अशा वेळी अख्खी पेटी रिकामी करून, धुऊन, पुसून मगच नवा बर्फ भरायचा, दुसरा इलाज नाही. रांगेत तीस माणसं उभी असताना हे करावं लागलं. धातूचा एक स्कूप दोरीने पेटीला बांधून ठेवला असता तर ते टळलं असतं.

मिक्सर, म्हणजे दारूत मिसळायची पेयं, मोजायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. एका ड्रिंकला १५० मिली धरा. ११३ ड्रिंक्सना १७ लिटर, म्हणून सोडा, टॉनिक, कोला मिळून २० लिटर आणा. टॉनिक आणि सोडा शक्यतो लहान बाटल्यांत घ्या. मोठी बाटली चार वेळा उघडझाक झाली की तिच्यातला फेस जातो. ग्लास मध्येच धुऊन मिळणार नसतील तर माणशी ३ लागतील.

एक बारटेंडर पुरेल का? बिअर, वाइन आणि साधे पेग एवढंच असेल तर एक जण साधारण ७५ पाहुण्यांना सांभाळतो, कॉकटेल असतील तर पन्नासांना. तुमच्याकडे दीडशे आहेत, तेव्हा दोन जण घ्या आणि हाताखाली एक मदतनीस द्या. बर्फ आणणं, रिकामे ग्लास उचलणं, बिअर उघडून देणं हे त्याचं काम. पाणी आणि सरबतं वेगळ्या टेबलावर मांडली की बारपुढची गर्दी बरीच हलकी होते.

कॉकटेलची हौस असेल तर एकच ठेवा आणि ते आधी जमवून ठेवा. शेकरमध्ये एकेक ड्रिंक हलवायला मिनिटभर जातं, पहिल्या अर्ध्या तासात ते परवडत नाही. माझं हमखास जमणारं मिश्रण असं: जिनची एक ७५० मिलीची बाटली, ४०० मिली लिंबाचा रस, ३२० मिली साखरेचा पाक (साखर आणि पाणी समसमान). दीड लिटरच्या आसपास होतं, १६ ग्लास निघतात. बर्फाने भरलेल्या ग्लासात ९० मिली ओतायचं, वरून तेवढाच सोडा, लिंबाची चकती, झालं. जिन आणि पाक आदल्या दिवशी एकत्र करून ठेवा. लिंबं मात्र त्याच दिवशी पिळा, शिळ्या रसाला कडवटपणा येतो. लिंबं कमी-जास्त आंबट असतात, म्हणून चाखून पाक वाढवा.

दुकानदाराशी न उघडलेल्या बाटल्या परत घेण्याचं आधी बोला आणि बिलावर लिहून घ्या. परत द्यायच्या बाटलीचं सील शाबूत हवं आणि लेबलही. इथेच माल अडकतो. सगळ्या बिअर एकदम बर्फाच्या पाण्यात टाकल्या की तासाभरात लेबलं भिजून सुटतात आणि त्या बाटल्या दुकानदार घेत नाही. दोन-तीन खोकेच टबात ठेवा, संपतील तसे पुढचे घाला. दारूच्या बाटल्याही एकेक करूनच उघडायच्या, मांडणी छान दिसावी म्हणून आधीच सगळ्यांची सीलं तोडायची नाहीत.

तिथल्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो का, किती साठा चालतो, किती वाजेपर्यंत देता येते आणि किती वयाखालच्यांना द्यायची नाही, हे हॉलवाल्यांकडून लेखी घ्या. घरातला एक शांत, न पिणारा माणूस बारटेंडरला नेमून द्या. एखाद्याला जास्त झाली आणि बारटेंडरने नाही म्हटलं तर पाहुणा चिडतो, तेव्हा बारटेंडरच्या बाजूने उभं राहायला घरचंच कुणी लागतं. शरीर साधारण तासाला एक ड्रिंक उतरवतं, कॉफी पिऊन किंवा थंड पाण्याने तोंड धुऊन तो वेग वाढत नाही. म्हणून बार समारंभ संपायच्या अर्धा तास आधी बंद करा आणि घेतल्यामुळे ज्यांनी गाडी चालवता कामा नये त्यांच्या जाण्याची सोय आधीच करून ठेवा. यात काटकसर करू नका, ताई. एखादी बाटली कमी पडली तर चालेल.

प्रश्न: आमच्याकडे पुष्कळ पाहुणे घेत नाहीत. त्यांच्या हातात नुसती कोल्ड्रिंकची बाटली द्यायला बरं वाटत नाही. काय करता येईल?
– एक वरपिता

उत्तर: वर दिलेलं मिश्रणच जिन वगळून करा. लिंबाचा रस, पाक, पुदिन्याची पानं, भरपूर बर्फ आणि सोडा, तेही कॉकटेलच्याच ग्लासात. चार तासांत माणशी एक लिटर पेय धरा, पाणी वेगळं. एवढंच लक्षात ठेवा की जिनचं मिश्रण आणि हे सरबत दिसायला अगदी एकसारखं असतं. जिनचं कायम काउंटरच्या मागे, वेगळ्या आकाराच्या बरणीत आणि ठळक चिठ्ठी लावून ठेवा. सरबताचा जग पाहुण्यांच्या टेबलावर. ओतायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही बरण्या पाहुणे यायच्या आधी दाखवा, कारण तो जग सगळ्यांत आधी मुलं गाठतात.